नीटसोबत बॅकअप म्हणून कोणता कोर्स धरावा?

बारावी पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आहे, एमबीबीएस नाही मिळालं तर काय, असं विचारलंयस. आधी एक काम कर, एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, पीसीबी ग्रुपचा फॉर्म वेळेत भर, कारण ती परीक्षा नीटच्या आधी होते आणि नीटचा निकाल लागेपर्यंत फॉर्म कधीच बंद झालेले असतात, खूप मुलं इथेच अडकतात. बी. फार्म आणि बी.एससी. ॲग्री त्याच स्कोअरवर, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. बी.एससी. नर्सिंगची सीईटी मात्र वेगळी.

नीटच्याच मार्कांवर बीडीएस (दातांचं), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), फिजिओथेरपी असतं, आणि व्हेटर्नरी, म्हणजे जनावरांची डॉक्टरकी पण, ती बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. तिचा फॉर्म नागपूरच्या माफसूकडे (पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) वेगळा भरायचा, कॉलेजं परभणी, उदगीर, शिरवळ वगैरे, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. माझी मामेबहीण नाइलाजाने गेली होती, रडतच. दिवाळीत गावी आली तेव्हा रात्री शेजारच्यांची गाय अडली होती, ही खांद्यापर्यंत हात घालून वासराचे पाय सरळ करत होती, पहाटे वासरू उभं राहिलं तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होतास.

म्हणून म्हणतो, फक्त 'डॉ.' लागतं म्हणून बीएएमएस नको घेऊस रे. आयुर्वेद खरंच शिकायचाय का ते बघ, जवळच्या वैद्यांकडे चार दिवस बसून ये. आणि ज्या कोर्सला गेल्यावर पुन्हा नीट द्यावीशी वाटणार नाही तोच पसंतीक्रमाच्या फॉर्ममध्ये वर टाक.