गूळ चारला म्हणून गाईच्या रक्तात साखर वाढत नाही

प्रश्न : संकरित गाय व्यायला तीन आठवडे झाले. पेंड शिवत नाही, कडबा मात्र खाते. दूध 18 लिटरवरून 11 वर आलंय, अंगानं वाळलीय. रोज अर्धा किलो गूळ देतोय, तरी फरक नाही. (कराड)

उत्तर : गूळ रक्तापर्यंत पोचतच नाही. कोटीपोटातले (चार पोटांपैकी पहिल्या, मोठ्या पोटातले) जिवाणू तो आधीच फस्त करतात आणि त्याची आम्लं बनवतात : ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक. गाईची बहुतेक ऊर्जा या आम्लांतूनच येते, आणि यकृत ग्लुकोज बनवतं ते मुख्यतः प्रोपिओनिकपासून. लिटरभर दुधाला साधारण 70 ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे 18 लिटरला सव्वा किलो. व्याल्यावर दूध वाढतं, भूक मागे राहते. मग गाय अंगावरची चरबी काढते, ती यकृताला पुरती जाळता येत नाही आणि अर्धवट जळलेल्या चरबीचे कीटोन रक्तात साचतात. हाच कीटोसिस. पेंड सोडून कडबा खाणं ही कीटोसिसची ठळक खूण. गुळातून ब्युटिरिक जास्त बनतं आणि कोटीपोटाच्या भिंतीतच त्याचे कीटोन होतात. म्हणजे आगीत तेल.

आधी डॉक्टरांकडून कीटोनसाठी लघवीची पट्टी-तपासणी करून घ्या. पोटात तार गेली असेल किंवा चौथं पोट सरकलं असेल तरी अशीच लक्षणं दिसतात. कीटोसिसच निघाला तर शिरेतून डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज), पुढे प्रोपिलीन ग्लायकॉल (यापासून यकृत ग्लुकोज बनवतं) 300 मिली रोज, 3 ते 5 दिवस. पाजताना मान फार वर ओढू नका, जीभ धरू नका. ठसका लागून औषध फुफ्फुसात जातं. गाडीच्या कूलंटमधलं ग्लायकॉल वेगळं, ते विष आहे.

प्रश्न : मक्याचा भरडा वाढवला. दूध वाढलं, पण फॅट 3.8 वरून 3.1. (फलटण)

उत्तर : भरड्यातल्या पिष्टानं प्रोपिओनिक वाढतं, म्हणून दूध वाढलं. फॅटला लागणारं ॲसिटिक वैरणीच्या तंतूंतून येतं. शिवाय कोटीपोट आंबट झालं की आंबोणातल्या (पेंड-भरड्याच्या खुराकातल्या) तेलापासून अशी काही स्निग्धाम्लं बनतात की ती कासेतली फॅट रोखतात. एका वेळी दीड-दोन किलोच्या वर भरडा नको. आधी वैरण, मग आंबोण. खाण्याचा सोडा दिवसाला 100 ते 150 ग्रॅम, आंबोणात मिसळून. कुट्टी भुशासारखी बारीक असेल तर रवंथ कमी, म्हणून आंबटपणा मोडणारी लाळही कमी. मग नुसत्या सोड्यानं भागत नाही.

प्रश्न : गळीत हंगामात उसाचं वाढं (शेंड्याकडची हिरवी पानं) फुकट मिळतं. तेवढ्यावर भागेल? (वाळवा)

उत्तर : नाही. वाढ्यात प्रथिनं कमी, त्यामुळे जिवाणूच उपाशी राहतात. वाढ्यातल्या ऑक्झलेट या क्षारामुळे कॅल्शियमही बांधलं जातं, गाईला मिळत नाही. वाढं निम्म्याच्या आत ठेवा. सोबत लसूणघास, सरकी पेंड आणि रोज 100 ग्रॅम खनिज मिश्रण द्या.