आधी डबा, मग स्टॉपवॉच

सोलापूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल पार्क स्टेडियमवर शेवटच्या दोनशे मीटरला तुझे पाय उचलतच नव्हते. आणि वर तू खुशीत सांगितलंस, "मॅडम, महिन्यात चार किलो उतरले!" सगळ्यांसमोर बोलायचं टाळलं, म्हणून हे पत्र.

भाकरी-भात सोडलास की पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो. त्यात बरंचसं पाणीच असतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, आपल्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून बसलेलं असतं. भाकरी-भात नाही म्हणून ते संपलं की पाणीही गेलं. पुढे चरबीबरोबर स्नायूही जायला लागतात, आणि पळायचं तर त्यांच्याच जिवावर! जिममधल्या त्या चरबी मोजणाऱ्या मशिनचंही फार मनाला लावून घेऊ नकोस. अंगातून बारीकसा करंट सोडून, पाण्याच्या हिशेबावरून ते अंदाज बांधतं. आपल्या एप्रिलात घामाघूम होऊन त्यावर उभी राहिलीस तर ते काय खरं सांगणार?

तू 48 किलोची. रोज तासभर नीट सराव करायचा तर दिवसाला 240 ते 330 ग्रॅम कर्बोदकं लागतात, प्रथिनं 60 ते 95 ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं सत्तरएक ग्रॅम, प्रथिनं दहाच्या आसपास. पण प्रथिनांमधला लायसिन नावाचा एक गरजेचा घटक ज्वारीत कमी, तो डाळीत भरपूर. आमटीत कडक भाकरी कुस्करून खाणाऱ्या तुझ्या आजीला लायसिन माहीत नव्हतं, जेवण मात्र बरोबर होतं. शेंगाचटणीला तेवढं प्रोटीन पावडर समजू नकोस. दोन चमच्यांत प्रथिनं पाच-सहा ग्रॅम, आणि जवळजवळ निम्मं वजन तेलाचं. म्हणून पळण्याआधी ती नको, पोटात रेंगाळते. पहाटे एक केळं पुरे. भाकरी, चटणी, अंडी, दही सगळं पळून आल्यावर.

पाण्याच्या बाबतीत मीच चुकले होते. माझ्या पहिल्या बॅचला "पळताना पाणी नाही" म्हणून दम द्यायची. मला तसंच शिकवलं होतं. मे महिन्यात एक पोर चक्कर येऊन ट्रॅकवरच आडवी झाली. आता पळण्याआधी आणि नंतर वजन करायला लावते. काट्याचा तुला उपयोग असेल तर एवढाच. किलोभर घटलं तर तुझ्या वजनाच्या दोन टक्के गेलं, म्हणजे वेग पडणारच. मीठ घातलेलं ताक पी, घटलं त्याहून थोडं जास्तच.

आता जे विचारायला तू लाजतेस ते. पाळी दोन महिने चुकली तेव्हा "बरं झालं, स्पर्धेत कटकट नाही" असं मैत्रिणीला म्हणालीस, ते माझ्या कानावर आलंय. बरं नाही झालं, पोरी. खाणं कमी आणि सराव जास्त झाला की शरीर आधी असली कामं बंद करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये याला 'रेड-एस', म्हणजे खेळाडूच्या शरीराला पडणारी ऊर्जेची तूट, असं नाव दिलं. यात हाडं ठिसूळ होतात, नडगीला बारीक चीर पडते, आणि तू महिनोन्‌महिने घरी. या आठवड्यात आईला घेऊन डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिनही तपासून घे. आणि जेवणावर लगेच चहा घेतेस तो बंद कर, जेवणातलं लोह तो अंगी लागू देत नाही. तासाभराने पी की, कोण नको म्हणतंय?

सोमवारी येताना डबा आण. मी आधी डबा उघडून बघणार, स्टॉपवॉच नंतर.

तुझ्या मॅडम