पाच शिलिंगांत पुस्तकांचं दुकान थाटून विल्यम चेंबर्स एडिनबर्गचा महापौर झाला, हे खरं आहे का? भांडवल नसताना आज असं कुणाला जमेल का?

पाच शिलिंग खरे आहेत. महापौरपदही खरं आहे, तिकडे स्कॉटलंडमध्ये त्याला लॉर्ड प्रोव्होस्ट म्हणतात. पण ही गोष्ट सगळीकडे अर्धीच सांगतात, आणि ती अर्धी गोष्ट ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितोय.

1819 साली चेंबर्स एकोणीस वर्षांचा होता. एका पुस्तकविक्रेत्याकडची त्याची शिकाऊ उमेदवारी नुकतीच संपली होती. तिथे आठवड्याला चार शिलिंग मिळायचे. पहाटे पाचला उठून एका बेकरीवाल्याला कणीक मळताना पुस्तक वाचून दाखवायचा आणि बदल्यात गरम पाव घ्यायचा, असे ते दिवस. सुटला तेव्हा जवळ पाच शिलिंग होते. त्याच सुमारास लंडनच्या एका पुस्तक व्यापाऱ्याचा माणूस एडिनबर्गला माल घेऊन आला होता. चेंबर्सने त्याला मांडामांड-बांधाबांध करायला मदत केली. त्या माणसाने याची चौकशी केली आणि दहा पौंडांची पुस्तकं उधार दिली. दहा पौंड म्हणजे दोनशे शिलिंग, म्हणजे याच्या आधीच्या पगाराचं जवळजवळ वर्ष. तारण काही नाही. लीथ वॉक या रस्त्यावरचं दुकान त्या मालावर उभं राहिलं. पाच शिलिंगांतून फार तर फळ्या आल्या असतील.

आता माझं दुखणं सांगतो. आमचा दादा (सख्खा नाही, चुलत) तालुक्याच्या गावात वह्या-पुस्तकांचा मोठा व्यापारी. नगरसेवक होऊन गेला, आता व्यापाऱ्यांच्या संघटनेत आहे. त्याच्या साठीच्या सत्काराला पाहुण्यांनी हीच चेंबर्सची गोष्ट सांगितली, आणि मग दादा माइकवर उभा राहून म्हणाला, "मीही शून्यातून उभा राहिलो. कुणी एक रुपया दिला नाही." पहिल्या रांगेत माझी आई बसली होती.

रुपया दिला नाही हे खरंच आहे. आमचे अण्णा शाळामास्तर, रुपया देणार कुठून? पण शाळेच्या बक्षिसांची पुस्तकं ते दरवर्षी पुण्याला अप्पा बळवंत चौकातल्या एका शेठजींकडून आणायचे. शाळा उघडायच्या आधी ते दादाला तिथे घेऊन गेले. मीही शेपटासारखा मागे. अण्णा शेठजींना म्हणाले, "हा माझा पुतण्या. याने बुडवले तर माझ्या पगारातून कापा." शेठजींनी दादाकडे पाहिलंही नाही, अण्णांकडे पाहिलं आणि मुनीमजींना खातं उघडायला सांगितलं. वह्या, गाईडं, कंपासपेट्या एसटीच्या टपावर चढवून आम्ही परत आलो. आई त्या सबंध उन्हाळ्यात अण्णांशी नीट बोलली नव्हती, कारण दिवाळीपर्यंत पैसे फिटले नसते तर घर कशावर चालणार होतं?

सत्काराच्या रात्री मी दादाला हे सुनावलं. तो म्हणाला, "अरे, शब्द टाकायला पैसे पडतात का? फेडले कोणी? मीच ना?" फेडले, कबूल. एकही हप्ता चुकवला नाही, हेही कबूल. पण शब्द फुकट असतो हे ज्याला शब्द मिळाला तोच म्हणू शकतो.

मग मी हट्टाने चेंबर्सविषयी वाचायला घेतलं. तर त्या गड्याने स्वतःच 1872 च्या आठवणींत उधारीचं सगळं लिहून ठेवलंय, लाज न बाळगता! वडिलांचंही लिहिलंय. पीबल्स गावात त्यांचा कापडाचा धंदा. नेपोलियनच्या युद्धातले फ्रेंच कैदी गावात मोकळे राहायचे, त्यांना त्यांनी कापड उधार दिलं. एक दिवस सरकारने कैद्यांना दुसरीकडे हलवलं आणि पैसे बुडाले ते बुडाले. 1813 मध्ये कुटुंबाने गाव सोडलं. घरात एवढं झाल्यावर पोराने दहा पौंडांची उधारी घेतली आणि फेडली.

बाकीचं तुम्हाला कुठेही मिळेल: 1832 मध्ये दीड पेनीचं साप्ताहिक, भाऊ रॉबर्टबरोबर प्रकाशनसंस्था, त्यांच्याच नावाचा शब्दकोश, ज्ञानकोश. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी बंगालीत ‘बोधोदय’ लिहिलं तेही चेंबर्सच्या पुस्तकावरून. 1861 मध्ये एडिनबर्गच्या हाय स्ट्रीटवरची जुनी माडी कोसळून 35 माणसं मेली. चेंबर्स 1865 ते 1869 महापौर होता, तेव्हा 1867 चा शहर सुधारणा कायदा करवून घेऊन त्याने कोंदट गल्ल्या पाडून रस्ते काढले. त्यातला एक त्याच्याच नावाने ओळखला जातो. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत मेलेल्या मालकाची राखण करणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या कुत्र्याचा, बॉबीचा परवानाही यानेच काढून दिला. सेंट जाइल्स चर्चचा जीर्णोद्धार पदरच्या पैशाने केला आणि ते पुन्हा उघडायच्या तीन दिवस आधी, 1883 मध्ये वारला. दुकानदाराला गल्ल्यापलीकडे काही दिसत नाही म्हणणाऱ्या प्राध्यापक मंडळींनी यावर विचार करावा.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. रॉबर्टने लीथ वॉकवर त्याच्या वर्षभर आधीच जुन्या पुस्तकांचा ठेला टाकला होता, म्हणजे रस्ता ओळखीचा होता. आणि गल्ल्या पाडल्या तेव्हा तिथले गरीब बेघर झाले, ते शेजारच्या खोल्यांत कोंबले गेले. त्यामुळे त्याला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही.

आज जमेल का? धंदा जमेल. भांडवल शोधत बसू नका, ठोक विक्रेत्याकडे एक सीझन हमाली करा, माल तोच देईल. तारखेआधी फेडा. महापौरपदाचं मात्र मला विचारू नका, त्यात मला गती नाही. आमच्या दादाला विचारा, तो तासभर बोलेल. फक्त भाषणाची पहिली दहा मिनिटं धरू नका.