पेटंट : झाकलेलं नव्हे, उघडलेलं

प्रश्न : ‘पेटंट’ला मराठीत ‘एकस्व’ म्हणावं की ‘स्वामित्वहक्क’? आणि ‘पेटंट रजिस्टर केलं’ हा प्रयोग बरोबर आहे का? (ऐरोलीच्या एका वाचकाकडून)

‘स्वामित्वहक्क’ आधी बाद करू. वर्तमानपत्रांनी तो पुस्तकाच्या कॉपीराइटलाही लावला, यंत्राच्या पेटंटलाही लावला, आणि आता त्यातून नेमकं काहीच कळत नाही. हापूसला २०१८ साली मिळालं ते भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावता यावं असा हक्क. आपला ठाणे जिल्हाही त्यात आहे. पण ‘हापूसला पेटंट मिळालं’ हे वाक्य दर मोसमात कानावर येतंच.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच वापरावर आहे. नौपाड्यातल्या एका मिसळीच्या दुकानात भिंतीवर पाटी होती : ‘आमचा मसाला पेटंट आहे. कृती विचारू नये.’ मी मालकांना म्हटलं, “काका, पेटंट असतं तर कृती विचारावीच लागली नसती, ती सरकारदरबारी छापलेली असती.” ते तर्री वाढता वाढता म्हणाले, “पेटंट म्हणजे सिक्रेट हो, तेच ते.”

ते तेच नाही. नेमकं उलटं आहे.

लॅटिनमध्ये ‘पातेरे’ म्हणजे उघडं असणं, पसरलेलं असणं. त्यावरून ‘लिट्टेराय पातेंतेस’, उघडी पत्रं. इंग्लंडच्या राजाची पत्रं दोन तऱ्हेची असत. एक बंद पत्र : घडी घालून वरून मेण लावलेलं, मेण फोडल्याशिवाय आतलं अक्षर दिसायचं नाही. दुसरं उघडं पत्र : चर्मपत्र सरळ पसरलेलं आणि मोहोर खालच्या कडेला दोरीने लोंबकळणारी. मोहोर जशीच्या तशी राहायची आणि मजकूर कुणीही वाचावा. आपल्याकडे हा फरक समजवायला फार लांब जावं लागत नाही. ‘मोहोरबंद’ लखोटा वेगळा आणि ‘शिक्कामोर्तब’ वेगळं. पहिल्यात शिक्का झाकतो, दुसऱ्यात शिक्का खरेपणाची ग्वाही देतो. पेटंट हे शिक्कामोर्तबाच्या घरातलं आहे. अशाच एका उघड्या पत्राने १४४९ साली जॉन ऑफ युटिनम या कारागिराला रंगीत काच बनवण्याचा वीस वर्षांचा हक्क मिळाला.

हा उघडेपणा नुसत्या कागदाच्या आकारात राहिलेला नाही, आजच्या कायद्याचा कणाच तो आहे. अर्ज करताना शोध कसा करायचा ते लिहून द्यावं लागतं, तेही तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत. साधारण अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. या मोबदल्यात, अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं इतरांना ती वस्तू बनवायची बंदी. बनवायची, वाचायची नव्हे! ठाणे-बेलापूर रोडवरच्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. ‘मॉलिक्यूल ऑफ-पेटंट झाला’ म्हणतात तेव्हा कुठलंही गुपित फुटलेलं नसतं. रेणूची रचना सगळ्यांना वर्षानुवर्षं ठाऊक असते, थांबलेलं असतं ते फक्त उत्पादन.

हळदीचंही तेच. १९९५ साली अमेरिकेत, जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, प्रमुख होते. त्या संस्थेने हे ज्ञान आधीपासूनच उघड असल्याचे लेखी पुरावे मांडले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. जे आधीच उघडं आहे ते उघडल्याबद्दल बक्षीस कसलं?

आता ‘एकस्व’कडे येतो. सरकारी परिभाषेने दिलेला हा शब्द व्याकरणाने निर्दोष आहे : एक आणि स्व, एकट्याच्या मालकीचं. पण व्यवहारात दोन बाजू असतात, देणं आणि घेणं. ‘एकस्व’ने फक्त घेणं पकडलं, समाजाला दिलेलं ज्ञान सोडून दिलं. परिभाषा समितीतल्या विद्वानांविषयी आदर राखूनही मला हा शब्द अर्धवट वाटतो, आणि तो लोकांच्या तोंडी बसला नाही याचा दोष मी लोकांना देणार नाही. हा अर्धवटपणा कुठून आला, याविषयी माझा एक कयास आहे. हिंदुस्थानातला या विषयावरचा पहिला कायदा १८५६ सालचा. त्याच वर्षी ३ मार्चला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी’पेनिंग या इंजिनियरने पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला, तो आपल्याकडचा पहिला. त्या कायद्याने दिलेल्या हक्काचं नाव होतं ‘एक्स्क्लुझिव्ह प्रिव्हिलेजेस’, अनन्य अधिकार. ‘एकस्व’ हा त्या नावाचा वारस आहे, ‘पेटंट’चा नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग कोणता शब्द? आपल्या घरात पडून असलेला : आविष्कार. ‘आविस्’ हे संस्कृत अव्यय, अर्थ डोळ्यांसमोर, उघडपणे. ‘आविर्भाव’ त्यातलाच. आविस् आणि कृ, म्हणजे उघड करणं, दिसेल असं करणं. लॅटिन माणसाने कागद उघडा ठेवला म्हणून ‘पेटंट’ म्हटलं, संस्कृत माणसाने कल्पना उघडी केली म्हणून ‘आविष्कार’ म्हटलं. दोन शब्दांचं मूळ एक नाही, पण दोघांची नजर एकाच जागी गेली, आणि हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मराठीने हा शब्द नाचगाण्याला देऊन टाकला. गडकरी रंगायतनच्या जाहिरातींत ‘नृत्याविष्कार’ हमखास दिसतो, यंत्राला मात्र आपण ‘शोध’ म्हणतो. ‘शोध’ शुध् धातूचा, शुद्ध करणं, गाळून काढणं. तो गुरुत्वाकर्षणालाही चालतो आणि टेलिफोनलाही. कायद्याला हा घोळ परवडत नाही : निसर्गात आधीच असलेलं सापडलं तर पेटंट नाही, नवं घडवलं तरच. म्हणून पहिल्याला शोध, दुसऱ्याला आविष्कार, आणि पेटंटला ‘आविष्कारपत्र’. ही हिंदीची उचल आहे म्हणणाऱ्यांनी संस्कृत कोश उघडावा. शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे ओतायचं ‘भिसोटाइप’ यंत्र बनवलं; त्याला ‘भिश्यांचा आविष्कार’ म्हणताना कुणाची जीभ का अडखळावी?

‘पेटंट’ हा ‘पट्टा’चा अपभ्रंश असल्याचं एका शब्दप्रेमी मित्रांनी ठासून सांगितलं होतं. ताम्रपट, पट्टा, पेटंट, अशी त्यांची साखळी. ऐकायला गोड, पण खोटी. इंग्रजांना तो शब्द फ्रेंच-लॅटिनमधून मिळाला तेव्हा आपल्या पट्ट्याशी त्यांची गाठही पडली नव्हती.

गुपिताचा अर्थ चिकटला असावा तो ‘पेटंट औषधां’मुळे, म्हणजे जुन्या काळी कृती न सांगता बाटलीतून विकल्या जाणाऱ्या तयार औषधांमुळे. त्या बाटल्यांतल्या बहुतेक औषधांना कधी पेटंट नव्हतंच, कारण ते घ्यायचं तर कृती सांगावी लागली असती. नाव तेवढं पेटंट आणि आतला मसाला झाकलेला, अगदी नौपाड्यातल्या पाटीसारखा. ‘त्याचं पेटंट वाक्य’ हा वापर मात्र मला मनापासून आवडतो. सगळ्यांना पाठ असलेलं, तरी एकट्याचंच. यात अर्थाच्या दोन्ही बाजू आल्या.

राहिलं ‘रजिस्टर’. व्यापारचिन्ह रजिस्टर होतं, डिझाइन रजिस्टर होतं. पेटंटसाठी अर्ज करतात, ते तपासणीनंतर मंजूर होतं. ‘पेटंट घेतलं’, ‘पेटंट मिळालं’ म्हणा.