वाघ झोपलेलाच का दिसतो?
सहकुटुंब सुट्टी : वाचकांचे प्रश्न

प्र. चार वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई सोबत असतील. महाराजबाग बरी की गोरेवाडा? दोन्ही एका दिवसात होईल का? (मानेवाडा, नागपूर)

उ. एका दिवसात दोन्ही कोंबू नका. दुपारपर्यंत मुलगी रडायला लागेल. महाराजबाग सीताबर्डीला लागूनच आहे. भोसल्यांच्या या बागेत १८९४ पासून प्राणिसंग्रहालय आहे आणि आता ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. फिरावं लागतं पायीच, पण आवार आटोपशीर आहे. दीड-दोन तासांत सगळं बघून होतं, मुलीला हव्या त्या पिंजऱ्यापुढे रेंगाळता येतं आणि सासूबाईंना सावलीत बसवता येतं.

गोरेवाड्याची इंडियन सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. तिथे बसमधून फिरवतात. चालणं वाचतं, पण मधे उतरता येत नाही, म्हणून बसमध्ये चढण्याआधी मुलीला बाथरूमला नेऊन आणाच. वाघ, बिबट, अस्वल यांचे भाग वेगळे आहेत. एक फाटक लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही, त्यामुळे बस थांबत थांबत जाते. लहान मुलं कंटाळतात ती नेमकी इथेच. रविवारी जाणार असाल तर तिकीट आधीच काढून ठेवा.

सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर गोरेवाडा, नाहीतर या वयाच्या मुलीसाठी महाराजबागच. सोमवारी मात्र दोन्हीकडे सुट्टी असते. प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस माणसांपासून सुटका मिळावी, असा नियमच आहे.

प्र. गेल्या मे महिन्यात दोनदा गेलो, दोन्ही वेळा वाघ झोपलेला. तब्येत बरी नसते का त्याची? (जरीपटका)

उ. तब्येत ठणठणीत असलेला वाघही दिवसाचे पंधरा-सोळा तास पडून असतो. त्यात नागपूरचा मे! पारा पंचेचाळिशीला टेकल्यावर आपणही कूलरपुढून हलत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा आणि दार उघडताच आत शिरा, किंवा बंद व्हायच्या आधीचा तास गाठा. मांसाहारी प्राण्यांना बहुतेक ठिकाणी संध्याकाळी आतल्या पिंजऱ्यात खाऊ घालतात, म्हणून त्या वेळी ते दाराजवळ येरझारा घालतात. दुपारी बारा ते चार ही सगळ्यात वाया जाणारी वेळ, आणि नेमकी तेव्हाच गर्दी असते. शिट्ट्या मारून वाघ उठत नाही. उठलाच तर आणखी लांब जाऊन बसतो.

प्र. घरच्या पोळ्या आणि ब्रेड हरणांना घातले तर काय बिघडतं? ती स्वतःहून जाळीजवळ येतात. (प्रतापनगर)

उ. बरंच बिघडतं. हरीण रवंथ करणारं जनावर आहे. त्याच्या पोटातले जिवाणू पाला-गवत सावकाश पचवायला सरावलेले असतात. ब्रेड, बिस्कीट, पोळी यांतला स्टार्च तिथे झपाट्याने आंबतो, आम्ल वाढतं, जिवाणू मरतात, पोट फुगतं आणि रवंथ थांबते. एकट्या तुमच्या पोळीने हे होणार नाही, पण रविवारी तुमच्यासारखी शे-दोनशे माणसं त्याच जाळीपाशी येतात. पिशवीसकट खाऊ आत पडला तर प्लास्टिक पोटात साचून राहतं, शेणावाटे पडत नाही. आणि ती जाळीजवळ येतात ती भुकेने नव्हे, सवयीने. ही सवय आपणच लावलेली.

माकडांच्या बाबतीत धोका दुहेरी. आपला सर्दी-खोकला, क्षयही त्यांना होऊ शकतो, म्हणून उष्टं केळं तर मुळीच देऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे प्रमाणे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला खाऊ घालणं किंवा डिवचणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. डबा खायचाच असेल तर पिंजऱ्यांपासून लांब बसून खा, आणि संत्र्याची सालं परत डब्यातच भरा.

प्र. मोबाइलवर फोटो काढला की जाळीच स्पष्ट येते, प्राणी धूसर. (वाडी)

उ. जाळीवर ऊन पडलेलं असलं की ती चमकते आणि कॅमेरा तिलाच धरतो. जाळीचा सावलीतला भाग शोधा, दुप्पट झूम करा आणि स्क्रीनवर प्राण्याच्या डोळ्यावर बोट टेकवा. प्राणी जाळीपासून जितका मागे, तितकी जाळी पुसट येते. कठड्यावरून हात पुढे घालू नका. फ्लॅश बंदच ठेवा. त्याने आधी जाळीच उजळते.