वाफसा आला का? परसबाग गटांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं सांगली जिल्ह्यातल्या कॉलन्यांतून आणि शाळांतून आली आहेत. चार-दहा घरं एकत्र येऊन मोकळ्या जागेत भाजी लावतात, मुलांना सोबत घेतात, याचा मनापासून आनंद आहे. मृगाला थोडेच दिवस उरलेत, म्हणून पावसाआधी उरकायच्या कामांचे प्रश्न आधी घेतले आहेत.

आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये २२ कुटुंबांनी मिळून भाजीपाला लावला. माती काळी आहे. गेल्या जुलैत सपाट वाफ्यांत पाणी साचलं आणि मिरची-टोमॅटोची रोपं उभीच्या उभी सुकली. या वेळी मातीत वाळू मिसळावी का?
(विश्रामबाग, सांगली)

वाळू मिसळू नका. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की थोडी वाळू त्यांच्यात रुतून बसते आणि वाळल्यावर माती विटेसारखी घट्ट होते. निचऱ्यात फरक दिसायला मातीत निम्म्याच्या आसपास वाळू लागेल. तेवढ्या पैशांत तुमचे सगळे गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच उचललेले वाफे, होतील.

गादीवाफा माथ्यावर ३ फूट रुंद, १ फूट उंच आणि १० फूट लांब धरा. ३ फूट यासाठी की दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. ओल्या काळ्या मातीवर एकदा पाय पडला की तिथली हवा जाते, ती त्या हंगामात परत येत नाही. मुलांसाठीचे वाफे अडीच फूट रुंद पुरेत. दोन वाफ्यांत दीड फुटाची वाट सोडा. या वाटेतूनच पाणी निघायचं आहे, म्हणून तिला १० फुटांना एक इंच उतार द्या आणि तो कॉलनीच्या पावसाळी गटाराकडे न्या. अनेक गट कोपऱ्यात शोषखड्डा करतात, पण काळ्या मातीत तो जुलैच्या पहिल्या झडीतच भरून राहतो. पहिल्या दोन-तीन पावसांत वाफा बसून आठ-नऊ इंचांवर येईल. ते ठीक आहे, वरून माती ओढत बसू नका.

दर वाफ्याला दीड घमेलं, म्हणजे साधारण १५ किलो, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि पाव किलो निंबोळी पेंड वरच्या सहा इंचांत मिसळा.

तुमची रोपं का गेली, तेही गटातल्या सगळ्यांना समजायला हवं. मुळांना हवा लागते. मातीतल्या पोकळ्या दोन दिवस पाण्यानं भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, पाणी वर ओढेनाशी होतात आणि ओल असतानाही पानं माना टाकतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून तो आणखी पाणी घालतो. इथल्या बागांत पाण्यावाचून मरणाऱ्या रोपांपेक्षा अशी मरणारी रोपं जास्त असतात. म्हणून पाणी देण्याआधी आणि कुदळ लावण्याआधी वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी अवस्था, आहे का ते बघण्याची सवय लावा. चार इंच खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, काम करा. चपटा होऊन तसाच राहिला तर माती ओली आहे, हात लावू नका. लाडू वळलाच नाही तर पाणी द्या. ही परीक्षा आठ वर्षांचं मूलही करतं, आणि मोठ्यांपेक्षा नेमानं करतं.

मिरजेत आमच्या गटाकडे फक्त बोअरचं पाणी आहे. वाफ्यांवर पांढरा थर येतो आणि घेवड्याच्या पानांच्या कडा करपतात. जिप्सम टाकायला सांगतात. किती टाकावं?

आधी तपासणी, मग जिप्सम. पांढरा थर म्हणजे पाण्यातले क्षार. पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. जिप्सम उपयोगी पडतं ते माती चोपण झाली असेल तेव्हा, म्हणजे सामू (pH) साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त. नुसती क्षारता असेल तर जिप्सम म्हणजे आणखी एक क्षार घालणं.

मातीचा नमुना असा घ्या: जागेत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची पातळ चकती काढा. सगळ्या चकत्या एकत्र कालवून सावलीत वाळवा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. नुकतंच खत टाकलेली जागा किंवा झाडाखालची माती घेऊ नका. हा नमुना मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या, सोबत बाटलीभर बोअरचं पाणी द्या. पाण्याची क्षारता ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर निर्धास्त वापरा. २.२५ च्या वर असेल तर भाजीला नको.

तोवर पाणी देण्याची पद्धत बदला. रोज वरवर झारी फिरवली की क्षार वरच्या दोन इंचांतच साठतात. १० बाय ३ फुटांच्या वाफ्याला भर उन्हाळ्यात दिवसाला १८ ते २० लिटर लागतं. ते रोज थोडं थोडं न देता तिसऱ्या दिवशी ५०-६० लिटर एकदम द्या. फक्त कोवळ्या रोपांना पहिले दहा दिवस रोज. वर तीन इंच उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला. घेवडा, गाजर आणि कांदा क्षारांना नाजूक, त्यांच्याऐवजी पालक आणि बीट लावा. वाफा उंच असेल तर पावसाळ्यात बरेच क्षार आपोआप धुऊन जातील. कृष्णाकाठच्या जमिनी अतिपाण्यानं आणि निचऱ्याअभावी क्षारपड झाल्या. तुमच्या वाफ्यात तेच लहान प्रमाणात होतंय, म्हणून ते आत्ताच थांबवता येईल.

सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्याला वास येतो आणि अळ्या झाल्यात. शेजारी तक्रार करताहेत. बंद करावा का?
(सांगली)

कंपोस्ट बंद करू नका. वास येतो कारण ओला कचरा जास्त आणि हवा कमी. एक बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या सुका पाला किंवा पाचट, हे माप कंपोस्टशेजारी मोठ्या अक्षरांत लावा. आपल्याकडे पाचट मुबलक आहे, पण अख्खं टाकाल तर वर्षभर कुजणार नाही. दोन-तीन इंचांचे तुकडे करा. आणि खड्डा नको, जमिनीवरच ३ फूट लांब, रुंद आणि उंच असा जाळीचा किंवा फटी ठेवून रचलेल्या विटांचा कप्पा करा. त्याहून लहान ढीग तापत नाही. नीट जमलेला ढीग आतून ५५ ते ६० अंशांपर्यंत जातो आणि तणाचं बी मरतं. दर आठ-दहा दिवसांनी बाहेरचं आत, आतलं बाहेर करा. मूठ दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर सुकं घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा.

जाड, चपट्या, मातकट रंगाच्या अळ्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या आहेत. त्या कचरा झपाट्यानं खातात, पिकाला काही करत नाहीत. सुकं वाढवलं की त्यांची संख्या कमी होते.

नुसतं पाचट कुजवायचं असेल तर १०० किलोंना ८०० ग्रॅम युरिया, एक किलो सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक थराथरानं टाका. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी असतं, जिवाणूंना ते बाहेरून द्यावं लागतं. अडीच-तीन महिन्यांनी खत वाफ्यात नेण्याआधी कुंडीभर खतात मेथीचे २० दाणे पेरा. सोळा-सतरा उगवले तर खत तयार.

आमच्या शाळेत ३० मुलांचा गट आहे, आठवड्याला ४० मिनिटं मिळतात. रोपं लावून झाली की पुढे काय शिकवायचं?
(पलूस तालुका)

मोजायला शिकवा. पहिल्या आठवड्यात बरणी: काचेच्या उभट बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून पाच मिनिटं हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात वाळू बसते, दोन तासांत गाळ, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. पाणी निवळलं की तिन्ही थर पट्टीनं मोजून टक्केवारी काढायची. इथल्या काळ्या मातीत सगळ्यात वरचा थर किती जाड असतो ते एकदा पाहिलं की निचऱ्याचा प्रश्न मुलांना वेगळा सांगावा लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यात उगवण: ओल्या कापडावर २० बिया गुंडाळायच्या. मेथी तीन-चार दिवसांत, टोमॅटो सहा-आठ, धणे आठ-बारा. धणे आधी रगडून दोन डाळी वेगळ्या करा. अख्खा पेरलेला धणा उशिरा आणि विरळ उगवतो, आणि दोष बियाण्याला जातो.

पाऊस सुरू झाला की पर्जन्यमापक. खालून वर सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. १० बाय ३ फुटांचा वाफा असेल तर तो २.८ चौरस मीटर. १० मिलिमीटर पडला की वाफ्याला २८ लिटर, जवळजवळ दोन बादल्या मिळाल्या. त्या दिवशी पाणी द्यायचं की नाही, हे मुलांनी ठरवायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. फवारणीचं काम, औषध कुठलंही असो, मुलांच्या हातात देऊ नका.

दोडक्याला फुलं भरपूर येतात, पण बोटभर फळं पिवळी पडून गळतात.
(तासगाव)

गळालेली चार-पाच फळं उभी कापून बघा. आत अळी नसेल तर परागीभवन झालेलं नाही. दोडक्याची आणि दुधी भोपळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात. काकडी, कारलं आणि लाल भोपळ्याची सकाळी. त्यामुळे दोडक्यावर सकाळी हातानं परागीभवन करणाऱ्यांची मेहनत फुकट जाते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. पाकळ्यांमागे इवलं फळ असतं ते मादी फूल. एका नरावर दोन-तीन माद्या होतात.

अळी असेल तर फळमाशी. क्यू ल्युअरचा, म्हणजे नर माशांना ओढणाऱ्या गंधाचा, सापळा मांडवात तीन-चार फुटांवर टांगा. दुकानात आंबा-पेरूचा मिथाइल युजेनॉलवाला सापळा हातात दिला तर परत करा, वेलभाज्यांच्या माशीवर तो चालत नाही. सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून गळालेली फळं रोज वेचून दीड फूट खोल पुरणं टाळता येणार नाही. ती कंपोस्टमध्ये टाकू नका.

गटाला एक वाफा हळदीचा करायचा आहे. अजून वेळ आहे का?
(सांगलीवाडी)

अक्षय तृतीयेपासून मे अखेरपर्यंत उत्तम, जूनचा पहिला आठवडा शेवटचा. सेलम जातीचे ५०-६० ग्रॅमचे, डोळे फुगलेले जेठे गड्डे, म्हणजे मधले मुख्य कंद, घ्या. दोन ओळींत आणि दोन गड्ड्यांत एक एक फूट अंतर ठेवलं की १० फुटांच्या वाफ्याला २० गड्डे, म्हणजे सव्वा किलो बेणं लागेल. दोन इंच खोल लावा. अडीच-तीन महिन्यांनी भरणी करा, म्हणजे बुंध्याला माती लावा. गड्डे उघडे राहिले तर हिरवे पडतात आणि हळकुंडं बारीक राहतात. कंदकूज पाणी साचल्यानंच बळावते, म्हणून परतीच्या पावसाआधी, सप्टेंबरच्या सुरुवातीला, वाटेतले चर पुन्हा साफ करा. हे काम सगळ्यात जास्त विसरलं जातं.

नऊ महिन्यांनी पाला वाळला की पाणी तोडा, पंधरा दिवसांनी काढा. हळकुंडं गड्ड्यांपासून वेगळी करून पाऊण ते एक तास शिजवा. बारीक काडी सहज आरपार गेली की उतरवा आणि बारा-पंधरा दिवस उन्हात वाळवा. ओली १० किलो हळद वाळून साधारण २ किलो भरते. वाटणीचा हिशेब त्यावर करा. पुढच्या वर्षीच्या बेण्यासाठी २० चांगले जेठे गड्डे शिजवण्याआधीच बाजूला काढा आणि सावलीत पाल्याखाली झाकून ठेवा.