सील लावण्याआधी

सोलापूर

प्रिय पोरी,

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टच्या टेबलावर बसलीस, बरं वाटलं. तू विचारलंस, ‘न्हावाशेवा बंदरात कस्टमने कंटेनर उघडायला घेतला तर आपण काय करायचं?’ तोवर करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. चारशे किलोमीटरवरून तू फोनच करू शकतेस. म्हणून हे पत्र त्याच्या आदल्या दोन दिवसांबद्दल आहे.

आधी एक जुनी गोष्ट समजून घे, म्हणजे आजची जबाबदारी कळेल. जुलै २०१७ पर्यंत एक्साइजचे साहेब कारखान्यात येऊन माल मोजायचे, सील लावायचे आणि एआरई-१ या निर्यातीच्या एक्साइज फॉर्मच्या प्रतींवर सही करायचे. साहेब येईपर्यंत ट्रेलर उभा. जीएसटी आला आणि त्या जागी सेल्फ-सीलिंग आलं: कस्टमची परवानगी एकदाच घ्यायची आणि पुढे स्वतःच आरएफआयडी ई-सील, म्हणजे यंत्राने दुरून वाचता येणारं सील लावायचं. वेळ वाचला हे खरं. पण पूर्वी ‘मी पाहिलं’ अशी सही साहेबांची होती, आता तीच सही तुझ्या मालकाची आहे. ही परवानगी त्या जागेपुरती असते. चिंचोळीला नवं गोडाऊन घेतलं आणि तिथून माल भरला, तर अक्कलकोट रोडची परवानगी चालत नाही.

आता खोक्याकडे, म्हणजे कंटेनरकडे ये. सोलापूरची अडचण अशी की रिकामा कंटेनर बंदराजवळच्या यार्डातून निघतो आणि रात्रभर घाट चढून सकाळी तुझ्या दारात उभा राहतो. छपराला भोक आहे हे इथे कळलं, तर परत पाठवून दुसरा आणण्यात दोन दिवस जातात आणि कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी माल बंदरात पोचवायची शेवटची वेळ, हातची जाते. म्हणून पहिली तपासणी ड्रायव्हरकडूनच करून घे. यार्डाच्या गेटबाहेर पडण्याआधी त्याने फोटो पाठवायचे: दारावरचा क्रमांक, सीएससीची (कंटेनरच्या सुरक्षा-मान्यतेची) पाटी, आतली फरशी, छप्पर, दाराचं रबर आणि यार्डाची पावती. फोटो पाहून तू ‘निघ’ म्हणाल्याशिवाय त्याने निघायचं नाही, हे ट्रान्सपोर्टवाल्याशी आधीच ठरवून ठेव.

इथे आल्यावर सात जागा बघायच्या: समोरची भिंत, दोन्ही बाजू, फरशी, छप्पर, दारं आतून-बाहेरून आणि खालचा सांगाडा. अमेरिकेचा गिऱ्हाईक असेल तर या सात जागांचा सही केलेला कागद तो मागतोच. पण कागद भरायचा म्हणून भरू नकोस. चाळीस फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण १२.०३ मीटर असते, टेपने मोज. बरीच कमी भरली तर समोरच्या भिंतीआड पोकळी असू शकते. मग एक माणूस आत उभा कर, एक बाहेर ठेव आणि दारं लाव. डोळे अंधाराला सरावले की छपरात उजेडाचा ठिपका दिसतो का बघायला सांग. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येतं. दाराच्या हँडलचे रिवेट बोटाने चाचपून बघ. सगळे जुने आणि एकच चकचकीत नवा दिसला तर जपून राहा, कारण सील न तोडता रिवेट काढून हँडल सोडवता येतं. चोरांना हे चांगलं ठाऊक असतं.

कंटेनरचा क्रमांक फोनवर ऐकून लिहू नकोस. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक आकडा. तो चौकटीतला आकडा आधीच्या दहांवरून हिशेबाने निघतो. अक्षरांना १० पासून किमती द्यायच्या, ११, २२ आणि ३३ गाळायचे; पहिल्या जागेला १ ने गुणायचं, दुसरीला २ ने, तिसरीला ४ ने, असं दुप्पट करत जायचं; बेरजेला ११ ने भागून उरते ती बाकी. बाकी १० उरली तर ० धरायचं. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की हा हिशेब बहुतेक वेळा ती पकडतो.

यापुढचा भाग नीट वाच. बहुतेक घोटाळे इथेच होतात.

ई-सीलची माहिती पोर्टलवर भरताना शिपिंग बिलाचा, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमकडे भरायच्या अर्जाचा नंबर लागतो. म्हणजे शिपिंग बिल सील लावण्याआधी हवं. शिपिंग बिलात कार्टनची संख्या लिहावी लागते, आणि नेमकी किती कार्टन बसली हे भरून झाल्यावरच कळतं. हा पेच टॉवेलवाल्यांना जास्त छळतो, कारण टॉवेल फुगतो. समज, तुझं कार्टन ५८ × ३८ × ४२ सेंटीमीटरचं आहे. चाळीस फुटी हाय-क्यूब, म्हणजे जास्त उंचीच्या कंटेनरच्या आत रुंदीला सहा, उंचीला सहा, म्हणजे एका रांगेत ३६. लांबीला अशा २० रांगा, म्हणून ७२० कार्टन. कागदावर सुरेख बसतं. पण आतली रुंदी सुमारे २३५ सेंटीमीटर, आणि सहा कार्टनची रुंदी २२८. प्रत्येक कार्टन एक सेंटीमीटर फुगलं तर २३४ होतं, हमाल ढकलून बसवतात. दीड सेंटीमीटर फुगलं की २३७, आणि सहावी थप्पी बसतच नाही. मग रांगेत ३० आणि एकूण ६००. शिपिंग बिलात ७२०, कंटेनरमध्ये ६००, आणि १२० कार्टन धक्क्यावर तुझ्याकडे बघत बसलेली.

यावर उपाय अगदी साधा आहे. आदल्या दिवशी पॅकिंग झालेल्या मालातून सहा-सहाची एक रांग जमिनीवर रच आणि टेप लाव. दाबून बांधलेलं कार्टन रात्रभरात फुगतं, म्हणून सकाळी पुन्हा मोज. शक्य असेल तर कस्टमचं काम बघणाऱ्या ब्रोकरला शिपिंग बिलाची चेकलिस्ट, म्हणजे कच्चा मसुदा, तयार ठेवायला सांग, शेवटची रांग लागली की आकडा पक्का कर, मग बिल सादर होऊ दे. नंबर आला की सील. घाईने आधीच सादर झालं असेल आणि संख्या बदलली, तर माल बंदरात जाण्याआधी दुरुस्ती करून घे. माल निर्यात होण्याची परवानगी, म्हणजे एलईओ मिळाल्यावर तीच दुरुस्ती फार महागात पडते. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत भरणीला माणसं कमी असतात आणि आषाढीला पालखीच्या वाटेवर वाहतूक वळवतात. या दोन्ही वेळी एक दिवस जादा धर.

भरताना रांगेचा कागद ठेव. कार्टनवर १/७२०, २/७२० असे क्रमांक असतात, ते कुठल्या रांगेत गेले हे लिहायचं. तपासणी अधिकारी म्हणाला, ‘४१७ नंबर दाखवा’, तर तुझ्या कागदावरून कळलं पाहिजे की ते बाराव्या रांगेत आहे, म्हणजे दाराकडून नववी. पुढच्या आठ रांगांतली २८८ कार्टन काढली की हाती लागतं. कागद नसेल तर अख्खा कंटेनर खाली होतो आणि त्या हमालीचं बिल तुमच्याकडे येतं. मालात तीन-चार प्रकार असतील तर प्रत्येकाची दोन-दोन कार्टन दाराजवळ ठेवलेली बरी. यात लपवाछपवी काही नाही; फक्त ती कुठली, ते पॅकिंग लिस्टमध्ये लिहिलेलं असावं.

वजनाचे दोन आकडे असतात आणि नवे लोक त्यांची सरमिसळ करतात. एका कार्टनमध्ये ४५० ग्रॅमचे ३० टॉवेल, म्हणजे १३.५ किलो, पुठ्ठा-पिशव्यांसह १५. सातशे वीस कार्टनचं निव्वळ वजन ९,७२० आणि एकूण वजन १०,८०० किलो. शिपिंग बिलात आणि पॅकिंग लिस्टमध्ये हेच जातं. व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन, वेगळं: १ जुलै २०१६ पासून ते दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही, आणि त्यात कंटेनरचं स्वतःचं वजनही मोजतात. टेअर, म्हणजे रिकाम्या कंटेनरचं वजन, ३,९०० आणि आधाराला लावलेलं सामान २० किलो धरलं, तर व्हीजीएम १४,७२०. टेअर दारावर लिहिलेला असतो, तोच घे. मागच्या कंटेनरचा उचलू नकोस.

काट्यावरून वजन काढत असशील तर रिकामं आणि भरलेलं, दोन्ही एकाच काट्यावर कर आणि मध्ये डिझेल भरू देऊ नकोस. दोनशे लिटर डिझेल म्हणजे जवळपास १६५ किलो. शिवाय कापूस हवेतली ओल पितो. सोलापूरच्या मे महिन्यात सुकलेला माल आणि पावसाळ्यातला तोच माल यांच्या ओलीत दोन टक्क्यांचा फरक पडला, तर या कंटेनरमागे १९० किलो होतात. म्हणून प्रत्येक लॉटची दहा-पंधरा कार्टन त्या दिवशी प्रत्यक्ष वजन कर. मागच्या वर्षीच्या ऑर्डरचं वजन चिकटवून दिलं की काट्यावर प्रश्न निघतो आणि उत्तर देता येत नाही.

सील उजव्या दाराच्या हँडलवर, कारण ते दार शेवटी बंद होतं. खटका वाजला की ओढून बघ, पिळून बघ. मग कंटेनरचा क्रमांक आणि सीलचा क्रमांक एकाच चौकटीत येईल असा फोटो काढ. पोर्टलवर माहिती गाडी निघण्याआधी भर: आयईसी (निर्यातदाराचा कोड), शिपिंग बिल नंबर व तारीख, सील नंबर, सील केल्याची तारीख-वेळ, बंदर, कंटेनर आणि ट्रेलरचा नंबर. वाटेत बिघाड होऊन घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, बदलला तर नवा नंबर इथेही आणि ई-वे बिलातही (जीएसटीचा माल-वाहतुकीचा कागद). ई-वे बिल २०० किलोमीटरला एक दिवस असं मिळतं. तुमचं अंतर चारशेच्या अलीकडे की पलीकडे, यावर दोन दिवस की तीन हे ठरतं. मुदत वाढवता येते ती संपण्याआधीच्या आठ आणि नंतरच्या आठ तासांत, तेवढ्यातच.

बंदरात वाचकयंत्राने सीलशी छेडछाड झाल्याचं दाखवलं, तर पुढची चर्चा नसते, कंटेनर तपासणीला जातो. सील ठीक असेल तर तपासणी करायची का, हे आरएमएस, म्हणजे कस्टमची जोखीम मोजणारी संगणक-प्रणाली, ठरवते. तिचे निकष बाहेर सांगत नाहीत, तेव्हा ‘आमचाच का?’ यावर डोकं शिणवू नकोस. कधी फक्त एक्स-रे स्कॅन होतो, कधी दार उघडून काही कार्टन फोडतात, नग मोजतात, कापूस आहे की मिश्रण हे बघायला नमुना घेतात. तपासणी झाली की कस्टम आपलं सील लावतं. त्या क्षणी तुझं एक काम असतं, आणि बहुतेक जण तेच विसरतात: नवा सील नंबर त्याच दिवशी शिपिंग लाइनला (जहाज कंपनीला) कळव आणि बीएलच्या, म्हणजे तिच्या माल-पावतीच्या, मसुद्यात घाल. जुना नंबर बीएलवर राहिला तर पलीकडच्या बंदरात ‘सील बदललं कुणी?’ इथपासून सुरुवात होते, आणि तिथल्या तपासणीचा खर्च गिऱ्हाईक तुमच्या नावावर टाकतो.

वर्णनात काटकसर नको. ‘टेक्स्टाइल’, ‘मेड-अप्स’ असं लिहू नकोस. ‘१०० टक्के कापसाचे टेरी टॉवेल, ६३०२ ६०’ असं मालाच्या कस्टम कोडसकट स्पष्ट लिही. अमेरिकेसाठी जहाजात चढवण्याच्या २४ तास आधी तपशील तिकडे पोचलेला लागतो, आणि मोघम वर्णन तिथेच अडतं. अमेरिकेचा गिऱ्हाईक कापूस कुठला हेही विचारतो; सूतगिरणीचं बिल आणि गाठींचे लॉट नंबर त्याच फाईलमध्ये लाव.

ब्रोकरची चेकलिस्ट मात्र चहा घेत ‘ओके’ म्हणण्याची गोष्ट नाही. पाच जागा बोट ठेवून वाच. पहिली, इनव्हॉइस नंबर: जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात जाणार तसाच, तिरक्या रेघेसकट. इकडे ०४७ आणि तिकडे ४७ झालं की आयजीएसटीचा, म्हणजे निर्यातीवर भरलेल्या जीएसटीचा, परतावा एसबी००५ या त्रुटी-कोडखाली अडकतो. दुसरी जागा: आयजीएसटी भरून की एलयूटीवर, म्हणजे कर न भरता हमीपत्रावर. तिसरी, एफओबी, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतची किंमत: सौदा सीआयएफ (भाडं-विम्यासकट) असेल तर भाडं आणि विमा वेगळा दाखवला नाही तर ड्रॉबॅक (शुल्काचा परतावा) जास्त निघतो, आणि जास्तीचा व्याजासकट परत द्यावा लागतो. चौथी, आरओएससीटीएलचा, म्हणजे राज्य-केंद्राच्या करांच्या परताव्याच्या योजनेचा, दावा. राहून गेला तर मागून घालणं जिकिरीचं. पाचवी, मूळ राज्य आणि जिल्हा. १५ फेब्रुवारी २०२० पासून ते सक्तीचं आहे, आणि ब्रोकरच्या जुन्या साच्यातून भलताच जिल्हा येतो. तिथे सोलापूर पाहिजे.

परतावा एसबी००२ दाखवून थांबला तर चूक तुझी नाही. लाइनचा ईजीएम, म्हणजे निघालेल्या जहाजावरच्या मालाची कस्टमला द्यायची यादी, आलेला नाही. ब्रोकरशी भांडण्याआधी हे बघ.

कागदांच्या ओझ्याबद्दल तू कुरकुरलीस, ती निम्मी योग्य आहे. एकच कार्टनसंख्या इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, लाइनचा एसआय (बीएलसाठी द्यायच्या सूचना) आणि विमा अशा पाच-सहा ठिकाणी पुन्हा टाइप करायला लावणारी पद्धत वाईट आहे. पण तिच्यावरचा इलाज तुझ्या हातात आहे: एक मूळ शीट ठेव, आकडा तिथेच भरायचा, बाकी सगळे कागद तिथून उचलायचे. उरलेली निम्मी कुरकुर कारखान्याच्या सवयींची. कपाटातली एआरई-१ ची कोरी पुस्तकं रद्दीत दे. पॅकिंग लिस्टवर तीन-तीन शिक्के मारणं बंद कर; कस्टमकडे ई-संचित या कागद चढवायच्या पोर्टलवर डिजिटल सहीची पीडीएफ जाते, शिक्के कुणी बघत नाही. त्याऐवजी प्रत्येक अपलोडचा क्रमांक लिहून ठेव. फाईल मात्र फेकू नकोस, जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागते.

चौकटीतल्या आकड्याच्या हिशेबाची एक्सेल शीट सोबत जोडली आहे. पहिल्या रकान्यात क्रमांक मोकळी जागा न सोडता टाक. बाजूचा रकाना लाल झाला तर ड्रायव्हरला दाराचा फोटो पुन्हा पाठवायला सांग.

तुझा,
काका